बारा महिन्यांनी पुन्हा

पत्र जूनमध्ये आलं.
आमच्या शेटलंड बेटांवर जूनची रात्र नीट काळी होत नाही;
अकरा वाजताही समोरच्या टेकडीवरची मेंढी
कुणाची, ते ओळखू येतं.
त्या अर्ध्या उजेडात मी तीनदा वाचलं:
एचपीव्ही विषाणू सापडला आहे.
पेशी नॉर्मल आहेत.
बारा महिन्यांनी पुन्हा या.

वाक्यं नुसती एकाखाली एक,
मध्ये साधा ‘पण’सुद्धा नाही.

मी लोकर निवडते. लर्विकच्या गोदामात
सत्तावीस वर्षं.
डोळे मिटून सांगेन: ही मानेची, ही मांडीची, राठ,
आणि ही आजारी मेंढीची.
ज्या आठवड्यात तिला ताप होता
तेवढाच धागा बारीक वाढलाय;
ओढलात, तर नेमका तिथे तुटेल.
बोटांना सगळं कळतं
आणि हे असं ठिकाणी आहे
जिथे माझं बोट पोचत नाही.

नर्स अयोनाला फोन केला.
ती म्हणाली, ऑस्ला, आधी विषाणूच शोधतात,
सापडला, तरच त्याच नमुन्यातल्या पेशी बघतात.
तुझ्या पेशींनी काहीही केलेलं नाही.
बहुतेकींचं शरीर त्याला आपसूक घालवतं, वर्ष-दोन वर्षांत.
नाहीच गेला, तर जवळून बघू.
‘म्हणजे कॅन्सर नाही?’
‘नाही.’
‘मग हे काय आहे?’
ती जरा थांबली. ‘राखण,’ म्हणाली.
आणि सिगरेट सोड.

आला कधी, ते सांगता येत नाही.
वीस वर्षंही गप पडून राहतो म्हणे.
मला ॲबर्डीन आठवलं, एका नॉर्वेजियन बोटीवरचा आचारी,
ज्याचं आडनाव मी विचारलंच नव्हतं.
मग गिबीची ती उन्स्टची मुलगी,
जी आता पोस्टात भेटली की हसून हात करते.
रात्रभर सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवून ठेवलं.
कुणाला काय विचारणार?
पहाटे (पहाट कसली, उजेड होताच) सोडून दिलं.

गिबीला तिसऱ्या दिवशी सांगितलं.
तो बांगडे साफ करत होता.
‘मलाही तपासून घ्यायला हवं?’
‘पुरुषांना ही तपासणी नसते.’
‘मग मी काय करू?’
‘सुरी धुऊन ठेव.’
त्याने धुतली. पुसली. परत धुतली.

आईलाही बोलावणं यायचं.
ती पत्रं पीटच्या ढेकळांबरोबर चुलीत जायची.
तिने सगळं अंगावर काढलं,
आणि अजून आमच्या घरात त्याला
‘खालचं दुखणं’ म्हणतात.

ऑगस्ट गेला. कोकरं विकली.
भाचीला शाळेत लस दिली,
तिने दोन दिवस दंड धरून नाटक केलं;
मी तिला चॉकलेट दिलं, जरा जास्तच.
जानेवारीत गावाने मशाली घेऊन
लाकडी गलबत ओढत नेलं आणि पेटवलं.
सगळं शहर लाल झालं होतं.
पत्र कोटाच्या खिशात होतं.
सिगरेटही होती, एक. ती ओढली.

मग पुन्हा जून. छतावर पफिन पक्ष्यांचं पोस्टर.
अयोना म्हणाली, गुडघे सैल सोड.
मी पफिन मोजले. अकरा. बारावा अर्धाच.

दुसरं पत्र:
विषाणू अजून आहे. पेशी नॉर्मल.
बारा महिन्यांनी पुन्हा या.
तेव्हाही असला, तर दुर्बिणीतून बघतील.

या वेळी एकदाच वाचलं.
पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही,
म्हणून याच वर्षाच्या शेवटच्या पानामागे
मेंढ्यांच्या बाजाराखाली लिहिलं:
जून. मी.

मग टेबलावर पडलेली एक बट घेतली,
दोन्ही टोकं धरून कानाशी नेली, ओढली.
तुटली नाही.
यातून काहीच सिद्ध होत नाही,
माहीत आहे मला.